दोन नवऱ्यांचा धवला

"मना नाय पटला."

उजव्या हाताचा तळवा कानावर दाबायचा, मान जरा तिरकी करायची, टीव्हीकडे डोळे बारीक करून बघायचं आणि मग हे बोलायचं. टीव्हीतला पोरगा बिचारा गुडघ्यावर बसून, डोळ्यांत पाणी आणून दुसऱ्या पोराला काहीतरी समजावत असायचा. तेही थाई भाषेत. हिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. तरी निकाल देऊन मोकळी. "खोटा बोलतो मेला. गळ्यातून येत नाय त्याचा, दातातून येतो."

आणि खोटंच निघायचं. पुढच्या शनिवारी कळायचं.

कानावर हात ठेवायची आत्याची ही सवय गाण्यातली. मांडवातल्या गोंगाटात गाणारीला स्वतःचा सूर ऐकू यावा म्हणून तसा हात धरतात. ती धवलारीण होती. तुमच्यातल्या शहरी माणसांसाठी सांगतो. आमच्या खाडीकाठच्या गावांत लग्नाला भटजी नंतर, आधी धवलारीण. हळद लावायची, पाटावर बसवायचं, मुंडावळ्या बांधायच्या, प्रत्येक गोष्टीला तिचा धवला, म्हणजे लग्नाचं गाणं. ती तोंड उघडत नाही तोवर हळदीच्या वाटीला कोणी बोट लावत नसे.

मी मांडववाला. सातवीत शाळा सोडली आणि बांबू खांद्यावर घेतला. चिंचोटीकडून बांबू आणायचे, काथ्याने बांधायचे, वर कापड ताणायचं. माझ्या मांडवाखाली तिचा आवाज, असं आमचं निम्मं आयुष्य गेलं. नावाने तिने मला कधी हाक मारली नाही. "ए मांडववाल्या" एवढंच. माझी बायको तिच्या गावची, तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही आत्या म्हणायचो.

धवल्यात चेष्टाही असते. माझ्या स्वतःच्या लग्नात तिने सगळ्या गावासमोर मला धरलं:

मांडववाला नवरा जाला, त्याचा मांडव कोन घाली
खांब धरून उभा ऱ्हायला, नवरी निंगून गेली

बायको हळदीत माखलेली, तोंड दाबून हसत होती. मी चिडलो. पण खोटं काय होतं त्यात? एक खांब हलत होता तो मीच उठून ठोकून आलो होतो, अंगावरच्या हळदीसकट.

धवल्याचा एक नियम आहे. धवला उघडला की मिटवायचा. पहिली ओळ तोंडातून गेली की लग्न लागून शेवटची ओळ म्हणेपर्यंत तो उघडा असतो. तसाच राहिला तर जोडप्याच्याही मागे लागतो आणि गाणारीच्याही. हे खरं की खोटं ते मला विचारू नका. ती मानत होती.

एका गावात नवऱ्याकडचे रुसले. पानाचं तबक आधी कोणापुढे धरलं, यावरून. सगळे उठून होडीकडे चालू लागले. नवरीचा बाप माझ्या खांबाला डोकं टेकून उभा. ही जागची हलली नाही. कानावर हात, आणि गातच राहिली. समोर जे घडत होतं तेच गायला लागली. नवऱ्याचा मामा चिखलात चप्पल सोडून कसा पळतो, नवऱ्याची आत्या जेवणाच्या वासाकडे वळून वळून कशी बघते. आवाज होडीपर्यंत जात होता. आधी नवरदेव हसला. मग त्याची आत्या. मामा सगळ्यात शेवटी आला, चप्पल हातात घेऊन. लग्न लागलं. तिने धवला मिटवला, पाणी मागितलं आणि मला म्हणाली, "माजा उघडलेला लगीन आजवर मोडला नाय, मांडववाल्या. तुजा मांडव पडंल. माजा धवला नाय पडनार."

हा माज होता. आणि तिला शोभत होता.

पुढे हळदीला डीजे आले. लोक तिला बोलवायचे, पण खुर्चीवर बसवायला. "एक धवला म्हणा ना आजी" म्हणायचे, मोबाईल धरायचे, आणि दुसऱ्या ओळीला डीजेवाला ढाण ढाण सुरू करायचा. एकदा तिने त्याला भर मांडवात दम दिला, "थांब रे, मना मिटवू दे, मग तुजा भोंगा वाजव." तो घाबरून थांबला. तरी बोलावणी कमी झालीच. मीही मांडवाचं सामान भाच्याला दिलं आणि बोळिंजला फ्लॅटमध्ये येऊन बसलो. मुलगा बोटीवर असतो, सून अंधेरीला नोकरीला जाते. बायकोचं हृदय थकलं होतं. पाय सुजायचे. हॉलमधल्या दिवाणावर पडून असायची. आत्या आगाशीहून बस पकडून तिला बघायला यायची, कधी केळी घेऊन, कधी सुकट.

सुनेला या थाई मालिकांचा नाद. दोन पोरांच्या प्रेमाच्या गोष्टी. पोरगा आणि पोरगी नव्हे, पोरगा आणि पोरगा. जगभर बघतात म्हणे. दर शनिवारी नवा भाग यायचा आणि शनिवारी सुनेला सुट्टी असायची. दिवाण हॉलमध्ये, टीव्ही हॉलमध्ये, तेव्हा बायकोही बघू लागली. आणि शनिवारी आत्या येऊन बसली की तीही.

पहिल्याच दिवशी त्यातला चष्मेवाला पोरगा दुसऱ्याला सारखा हाका मारत होता. पी! पी! दर वाक्याला पी.

"अगो, ते पोर कवापासून पी पी करतंय," आत्या म्हणाली. "कोनी पानी तरी द्या त्याला."

सून हसून लोळली. मग तिने सांगितलं की तिकडे वयाने मोठ्या माणसाला पी म्हणतात. नुसतं नाव घेत नाहीत.

आत्याने जरा विचार केला. "म्हंजे आपला 'अहो'."

"तसंच काहीतरी, आजी."

"मग सरळ सांग ना. नवराच तो त्याचा."

बायको उशीवर मान टाकून हसली. पुष्कळ दिवसांनी हसली. मी टीव्हीकडे पाठ करून तिच्याकडे बघत राहिलो.

मालिका म्हणजे नुसता गुंता होता. एकाच्या गालाला खळी, तो श्रीमंत हॉटेलवाल्याचा पोरगा. दुसरा चष्मेवाला, साधा. खळीवाल्याचा त्याच्यावर जीव, पण बापाला सांगायची छाती नाही. बापाला त्याचं लग्न भागीदाराच्या मुलीशी लावायचंय. त्यात खळीवाल्याचा जुना यार परत येतो, केस सोनेरी रंगवलेला. आत्या त्याला कोंबडा म्हणायची. कोंबडा दिसला की ती मांडी सावरून बसायची.

"आला. आता घान करनार."

चष्मेवाला सगळं मनात ठेवायचा. विचारायचा काही नाही, नुसता खिडकीत उभा राहून रडायचा. मग आत्याचा तोल जायचा. "इचार ना त्याला! तोंडात काय भात हाय?"

"आत्या, त्याला ऐकू जात नाही गं," बायको म्हणायची.

"नसंल जात. माज्या पोटात ऱ्हायला नको."

सून आम्हाला सांगायची की या मालिकेखाली देशोदेशीची माणसं आपापलं मत लिहितात. मोबाईलवर वाचून दाखवायची. कोणी लिहिलेलं, मी दोन दिवस जेवले नाही. कोणी लिहिलेलं, त्या सोनेरी केसवाल्याला समुद्रात ढकला. आत्या खूश झाली. "बघ, सगल्या जगाला समजला. एक त्या चष्म्यालाच समजत नाय."

त्या दोघांनी पहिल्यांदा तोंडाला तोंड लावलं तेव्हा बायकोने पदर डोळ्यांवर घेतला आणि पदरातून बघितलं. मी सरळ उठून गॅलरीत गेलो. मला ते बघवलं नाही. आतून आत्याचा आवाज आला.

"मांडववाल्या, पळतोस काय?"

"असलं बघायची सवय नाही आम्हाला."

"तू जनमभर मांडव बांधलेस. आत पाटावर कोन बसनार, ते कदी इचारलास? तुजा काम बांबूचा. गप येऊन बस."

"आणि तुला चालतं?"

"नाय चालत," ती म्हणाली. "दोनी घरची बोलनी नाय, सुपारी नाय, आनि आधीच तोंडाला तोंड. मुंडावळ्या तरी बांधून घ्यायच्या होत्या."

तिची तक्रार एवढीच. मी आत येऊन बसलो.

मग तो शनिवार आला. सुनेला त्या दिवशी कामावर बोलावलं होतं. टीव्ही कसा लावायचा ते तिने बायकोला शिकवून ठेवलं होतं, पण खाली जी इंग्रजी अक्षरं पळतात ती वाचणारं घरात कोणी नव्हतं. आम्ही तिघं नुसती चित्रं बघत होतो. चष्मेवाला खळीवाल्याला घेऊन आपल्या गावी गेला होता. घर खांबांवर उभं, खाली कोंबड्या. आत म्हातारी माणसं गोल बसलेली. मध्ये केळीच्या पानांची उतरंड, फुलं, भात. ती दोघं हात पुढे करून शेजारी शेजारी बसलेली. आणि एकेक म्हातारी पुढे येऊन, तोंडाने पुटपुटत, त्यांच्या मनगटांना पांढरा दोरा बांधत होती.

आत्या सरसावली. "अगो बाय! कंकन बांधतात! लगीनच लागतंय हा!"

बायकोही कोपरावर उठली. "खरंच गं आत्या. दोन्ही घरची बसलीत."

आत्याचा हात कानावर गेला. मी म्हणेन, तिचं तिलाही कळलं नाही. मांडव दिसला की गळा उघडणार, ही जन्माची सवय.

उंबराच्या डहाळीखाली पाट मांडिले दोन
सांगा गो सयांनो तुमी, नवरे आले कोन

धवल्यात एक बाई ओळ टाकते आणि दुसरी मागून तीच उचलते. त्याला झील धरणं म्हणतात. माझी बायको पोरवयात तिची झील धरायची. दिवाणावरून, धाप लागत असताना, तिने झील धरली. "नवरे आले कोन." बारीक आवाज. पण सुरात.

संध्याकाळी सून आली. आत्या अजून तिथंच, तोऱ्यात बसलेली. "सूनबाई, तुजी पोरं उजवली गो! आता पुडच्या शनवारी वरात."

सुनेने तो भाग परत लावून वाचला. मग हळूच म्हणाली, "आजी, लग्न नाही ते. चष्मेवाला तापातून उठलाय ना, म्हणून त्याच्या आजीने दोरे बांधले. माणूस आजारी पडला की त्याचा जीव भटकतो म्हणे. त्याला परत बोलावून मनगटाला बांधून ठेवतात. दुसरा शेजारी होता, म्हणून त्यालाही बांधला."

आत्याचा चेहरा असा झाला, जसा भर लग्नात मांडवाचा आडवा बांबू मोडावा.

"मी तर धवला उघडला," ती म्हणाली.

सुनेला त्यातलं काय कळणार! ती म्हणाली, "मग काय झालं? छान गायलात."

आत्याने आपल्या पातळाची एक दशी उपटली आणि दिवाणाशी जाऊन बायकोच्या मनगटाला बांधली. "ऱ्हा गो बाय. बांधून ठेवतंय तुना."

दोरा होता. तरी बायको गेली. पुढचे दोन शनिवार तिने पाहिले, तिसरा नाही.

बायकोबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. लिहिता येत नाही. घरात 'अहो' म्हणणारं कोणी उरलं नाही, एवढंच.

दिवस झाले, पाहुणे पांगले. त्यानंतरच्या शनिवारी दाराची बेल वाजली. आत्या. चप्पल काढली, दिवाणाकडे न बघता खाली चटईवर बसली. "टीवी लाव."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आत्या, माझी बायको गेली. तुला त्या नटव्या पोरांचं पडलंय?"

"त्यांचा नाय पडला," ती म्हणाली. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की तिचा आवाज खरखरतोय. "तिनं झील धरली होती. आखरीची झील तिची. ती उघड्या धवल्यात अडकलीय, मांडववाल्या. ती दोगं पाटावर बसली का मी मिटवतंय. मग सुटली ती."

मी टीव्ही लावला.

तेव्हापासून बायकोच्या जागी मी बसू लागलो. आणि तुम्हाला सांगतो, त्या मालिकेवाल्यांनी आमचा जीव काढला. खळीवाल्याने बापापुढे मान खाली घातली आणि त्या मुलीच्या बोटात अंगठी सरकवली. आत्याने चटईवर मूठ आपटली. चष्मेवाला बॅग भरून निघाला, तर कोंबड्याने त्याला स्टेशनवर गाठून काहीतरी खोटंनाटं सांगितलं. दोन भाग नुसते मोबाईल वाजतायत आणि कोणी उचलत नाही.

"उचल!" मी ओरडलो. मी! शेजारची बाई दार उघडून बघायला आली.

आत्या खुदकन हसली. "आता जाला तू वऱ्हाडी."

तिच्या घशाचं वाढत चाललं होतं. तिच्या मुलाने वसईला मोठ्या डॉक्टरला दाखवलं. आवाजाच्या नळीवर गाठ. काढायला हवी, आणि काढली की बोलणं जाईल. मुलगा म्हणाला, उद्याच भरती होऊ. ती म्हणाली, आधी माझं एक लगीन आटपू दे. त्या बिचाऱ्याला वाटलं, कुठल्यातरी नातेवाइकाकडचं असेल. त्याने मला फोन करून विचारलं, "काका, कोणाचं लग्न आहे?" मी म्हटलं, "आमच्याच घरच्यांचं." दुसरं काय सांगू?

शेवटच्या भागाला सून, मी आणि आत्या. आत्या पातळ बदलून आली होती, हिरवं, हळदीला नेसायची तसं. खळीवाल्याने शेवटी अंगठी परत केली, बापाला तोंडावर सांगितलं, घर सोडलं. आम्हाला हुरूप आला. तो धावत धावत होडीच्या धक्क्यावर पोचला. चष्मेवाला तिथं उभा. दोघं एकमेकांकडे बघतात. खळीवाला हात पुढे करतो. चष्मेवाला त्या हाताकडे बघतो.

आणि पडदा काळा. पांढरी अक्षरं.

"पुडं?" आत्याने विचारलं.

सून वाचत होती. "संपली आजी. दुसरा सीझन येईल म्हणतात. कधी ते नाही लिहिलेलं."

"हात धरला का नाय त्यानं?"

"नाही दाखवलं."

आत्याने कानावर हात ठेवला. मला वाटलं, रडेल. रडणाऱ्यातली ती नव्हती. ती माझ्याकडे वळली. "ती मानसं काय लगीन लावनार! त्यांना रीतच ठावं नाय. मांडववाल्या, मांडव बांध."

"कुठे?"

"तुज्या गच्चीवर. उद्या सकालची हळद."

हसू नका. मीही हसलो नाही. भाच्याला फोन केला, चार बांबू आणि काथ्या मागवला. उंबराची डहाळी आगाशीहून आत्याच्या मुलानेच आणली, आईच्या हट्टापुढे हात टेकून. त्या वयात मी शिडीवर चढलो आणि गाठी स्वतः मारल्या. माझ्या हातचा तो सगळ्यात लहान मांडव. पण एकही खांब हलत नव्हता, हे मी छाती ठोकून सांगतो.

रविवारची सकाळ. दोन पाट मांडले. पाटांवर दोन तांबे, त्यांना टेकवून दोन मोबाईल, सुनेचा एक आणि माझा एक. एकावर खळीवाल्याचा फोटो, दुसऱ्यावर चष्मेवाल्याचा. बिल्डिंगमधल्या बाया गंमत बघायला जमल्या. सोसायटीचे सेक्रेटरीही वर आले.

"काका, परवानगी नाही घेतली. कसला कार्यक्रम?"

"हळद हाय," आत्या म्हणाली.

"कोणाची?"

"आमच्या दोन पोरांची."

त्यांनी पाटांकडे वाकून पाहिलं. "आणि मुली?"

"मुली नायत. दोगंच."

"आजी, सोसायटीत असलं काही..."

"तुज्या लग्नात मी इचारायला आली का, ही तुज्या पदरात कशी पडली म्हनून?" तिचा आवाज फाटला होता, पण धार गेली नव्हती. "वाट सोड, नाय तर बस. मांडवात उभा ऱ्हानारा मानूस रुसलेला दिसतो."

बाया खो खो हसल्या. सेक्रेटरींनी चप्पल काढली आणि बसले. जरा वेळाने फोन करून आपल्या बायकोलाही वर बोलावलं.

आता प्रश्न झिलेचा. त्या बायांपैकी कोणाला धवला येत नव्हता. आत्या माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आत्या, पुरुष झील धरत नाही."

"तिच्या वाटची हाय. तूच धर."

तिने कानावर हात ठेवला. पहिली ओळ वरच्या सुरात उचलली आणि आवाज फुटला. नुसती हवा आली. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आत्या घोटभर पाणी प्यायली आणि तिने गाणं खाली उतरवलं, पार तळाला, जिथं बायका गात नाहीत. तिथं तिला आवाज सापडला. जाड, खरबरीत, खाडीच्या चिखलासारखा. आणि त्या पट्टीत माझाही गळा बसला.

एकाच्या गो गालाला खळी, भरली हळदीनं
दुसऱ्याचा गो चष्मा पुसा पदराच्या कोरीनं

सुनेने बोटाने दोन्ही मोबाईलना हळद लावली. मग खरोखरच चष्मेवाल्याच्या काचेवरून पदर फिरवला. मधे एका जागी दर लग्नात 'नवरी' येते. मी अडखळलो. आत्या अडखळली नाही. 'नवरा' म्हणून तशीच पुढे गेली. नंतर मी विचारलं, तर म्हणाली, "अक्षरां तेवडीच हायत. गल्याला काय फरक?"

मी झील धरत होतो. माझ्या बायकोने जिथं सोडली होती तिथून. चुकत होतो, आत्या डोळ्यांनी दटावत होती, मी परत धरत होतो. सगळा धवला झाला. हळद, पाट, मुंडावळ्या, सात फेरे, सगळं. शेवटची ओळ आली तेव्हा तिने माझ्याकडे बोट केलं. ती ओळ तिने मला एकट्याला म्हणू दिली. ती काय होती ते मी लिहिणार नाही. ती लग्नातच म्हणायची असते.

मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. "मिटला," म्हणाली. "जा गो बाय आता."

सेक्रेटरींची बायको पदराने डोळे पुसत होती, आणि तिला त्या पोरांची नावंही माहीत नव्हती.

जेवणं झाल्यावर आत्याने सुनेला जवळ बोलावलं. "ती जगातली मानसं खाली लिवतात ना, तिथं तू लिव. सगली रडून ऱ्हायलीत. लिव का, लगीन आमी लावला. हात धरला त्यानं. काळजी नको."

सुनेने इंग्रजीत तसंच लिहिलं. जगभरातून बदाम आले. एका परदेशी बाईने विचारलं, कोण तुम्ही? आत्या म्हणाली, "लिव, मुलाकडचे." मग थांबून म्हणाली, "दोनी मुलाकडचे."

दुसऱ्या दिवशी ती भरती झाली. गाठ गेली, आवाज गेला. दुसरी बाई असती तर खचली असती. ही महिन्याभराने घशाला फडकं बांधून शनिवारी हजर. सुनेने दुसरी मालिका लावली, तीही तशीच गुंत्याची. बोलता येईना तर आत्या उशी फेकायची. टीव्हीला दोनदा लागली. मी उशी उचलून परत तिच्या हातात द्यायचो. अशी दीडेक वर्ष आली. मग मागच्या पावसाळ्यात, एका दुपारी, जेवून आडवी झाली ती उठली नाही.

तिच्या मुलाला वाटतं, आई हट्टी होती. होतीच. वसई तालुक्यात आज लोक माझे मांडव विसरलेत, तिचे धवले विसरत चाललेत. पण तिच्या तोंडून उघडलेलं एकही लग्न मोडलं नाही, आणि त्याचा साक्षीदार मी आहे. अशी बाई मी पाहिली, तिच्यामागे झील धरली. मला दुसरा मान नको.

यंदा त्या मालिकेचा दुसरा सीझन आला. सून आणि मी बघायला बसलो. शेवटच्या भागात त्या दोघांचं खरंच लग्न लागलं. पांढरे कपडे, गळ्यात फुलं, हातांवर पाणी सोडत होते. खळीवाल्याचा बापही आला होता, तोंड वाकडं करून का होईना. सून हुंदके देत होती. मी उठून टीव्हीजवळ गेलो आणि त्या पोरांना मोठ्याने सांगितलं,

"उशीर केलात रे. तुमचं लगीन बोळिंजला लागून गेलंय."